खोली आधी ऐकावी, माईक नंतर घ्यावा

मागील अंकात घरच्या घरी आवाज ध्वनिमुद्रित करण्याविषयी ओझरता उल्लेख केला आणि त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागले. आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मराठीतला पहिला बोलपट 1932 साली प्रभातने याच कोल्हापुरात तयार केला, तेव्हा माईकसमोर उभे राहण्याची हौस या गावाला जुनीच आहे. बहुतेक पत्रांतला प्रश्न मात्र एकच आहे : "कोणता माईक घेऊ?" त्याआधी विचारायचा प्रश्न फारसे कोणी विचारलेला नाही, आणि पहिल्या उत्तराचा बराच भाग त्यातच गेला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून राजारामपुरीत राहते. नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी बोलत्या पुस्तकाच्या रूपात ध्वनिमुद्रित कराव्यात असे मनात आहे. त्यासाठी रस्त्याकडची दहा बाय बारा फुटांची खोली मोकळी केली आहे. खाली गुळगुळीत फरशी, एक लोखंडी कपाट, दोन खिडक्या. दुकानदार मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माईक घ्या म्हणतात. भाचा म्हणतो डायनॅमिक घे. कोणाचे ऐकावे? माईक कसा बसवायचा, तेही सांगावे.

उत्तर : भाच्याचे ऐकावे, पण त्याआधी एक काम करावे. खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी आणि कान देऊन ऐकावे. टाळी थांबल्यावरही मागे "झिंग" असा आवाज भिंतीभिंतींतून फिरत राहिला, तर तोच आवाज आपल्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला लागणार आहे, मग माईक कितीही किमतीचा असो. आपल्या वर्णनावरून ही खोली चांगलीच घुमत असणार, कारण तिच्यात आवाज शोषून घेईल असे काहीही आपण शिल्लक ठेवलेले नाही. मोकळी केलेली खोली ध्वनिमुद्रणाला उत्तम, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. गाद्यांची चळत, पुस्तकांनी गच्च भरलेली मांडणी आणि उघडे ठेवलेले साड्यांचे कपाट असलेली मागची अडगळीची खोली याहून पुष्कळ बरी.

आता दोन जातींविषयी. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते. आवाजाने पडदा हलला की ते वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. वेटोळ्याचे वजन वाहावे लागत असल्यामुळे हा पडदा थोडा सुस्त असतो. कंडेन्सरचा पडदा म्हणजे धातूचा मुलामा दिलेली, केसाहूनही पातळ फिल्म. ती एका तबकडीपासून अगदी थोड्या अंतरावर ताणलेली असते आणि हे अंतर कमीजास्त झाले की विद्युतदाबातील बदलातून संदेश मिळतो. त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते, जी ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे माईक संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून, त्याच केबलने 48 व्होल्टची फँटम पॉवर म्हणून जाते. हलक्या पडद्यामुळे कंडेन्सर ओठ सुटण्याचा बारीक आवाजही टिपतो, आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही.

"डायनॅमिक माईक खोलीचा आवाज घेत नाही" असे जे सर्रास सांगितले जाते, ते मात्र अर्धेच खरे आहे. माईकला आपला आवाज आणि खोलीचा आवाज वेगळा ओळखता येत नाही. डायनॅमिकवर खोली कमी ऐकू येते याचे मुख्य कारण हे की, तो तोंडाच्या अगदी जवळ धरला तरी चालतो. माईक आणि तोंड यांतील अंतर निम्मे केले की आपला आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, खोलीची घुमणी मात्र आहे तेवढीच राहते. म्हणजे दोन वितींवरून एका वितीवर येणे हा फुकटात मिळणारा सुधार आहे, आणि चार बोटांवर येणे हा त्याहून मोठा. कंडेन्सरच्या इतके जवळ गेले की फुंकरीचे दणके आणि ओठांचे चटके त्रास देऊ लागतात. डायनॅमिक ते बऱ्यापैकी सोसतो.

आपल्या खोलीसाठी शुअर एसएम 58 हा डायनॅमिक माईक पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा माईक 1966 पासून बाजारात आहे, मुळात रंगमंचावरच्या गायकांसाठी बनवलेला आहे आणि दणकट आहे. मात्र त्याच्या नकला फार निघतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि पक्क्या पावतीने घ्यावा. मुलाखतींच्या चित्रफितींत सध्या सगळीकडे दिसणारा एसएम 7 बी सुरेख आहे, परंतु त्याचा संदेश इतका क्षीण असतो की त्याला सुमारे 60 डेसिबल गेन, म्हणजे संदेशाची वाढ, लागते आणि स्वस्त इंटरफेस तिथवर पोहोचताना स्वतःच खरखरू लागतो. पुढे मागच्या खोलीत बस्तान बसवले आणि टाळी मेल्यासारखी वाजू लागली, तर रोड एनटी 1 सारखा कंडेन्सर जरूर घ्यावा. त्याच्या एका प्रचलित आवृत्तीचा स्वतःचा सुरसुराट 4.5 डेसिबल इतकाच आहे. पण ज्या खोलीत मध्यरात्रीसुद्धा 30 डेसिबलचा गलका असतो, तिथे त्या शांततेचे पैसे मोजून काय मिळणार?

मांडणी अशी करावी. घुमणारी खोली वापरणे भागच असेल, तर जाड धनगरी घोंगडे किंवा दुहेरी गोधडी आपल्या पाठीमागे टांगावी, माईकच्या मागे नव्हे. लोक नेमके उलटे करतात. कार्डिऑइड माईक समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे पुष्कळसे सोडून देतो. त्याच्या समोर आपण असतो आणि आपल्या मागची भिंत असते, म्हणून झाकायची ती भिंत. घोंगडे भिंतीला चिकटवून न लावता वीतभर अंतर सोडून टांगले, तर घोगरी, खालच्या पट्टीतली घुमणीही थोडी शोषली जाते. पायाखाली सतरंजी हवीच. अंड्यांचे ट्रे भिंतीवर डकवण्याचा उद्योग कृपया करू नये. त्यांनी घुमणी जात नाही आणि रस्त्यावरचा आवाज तर मुळीच अडत नाही. बाहेरचा आवाज अडवायला जाड भिंत आणि बंद फटी लागतात. त्याऐवजी वेळ निवडावी. माझ्या अनुभवात पहाटेपेक्षा दुपारी दीड ते साडेतीन हा वेळ पेठांत अधिक शांत असतो. दुकानांची फळी पडलेली असते आणि गाव जेवून लवंडलेले असते.

माईक टेबलावर न ठेवता जमिनीवर उभ्या राहणाऱ्या आडव्या दांड्याच्या स्टँडवर लावावा, नाहीतर हाताचा प्रत्येक धक्का त्यात उतरतो. उंची ओठांची. मात्र तो नाकासमोर सरळ न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे, थोडा तिरका, तोंडाकडे रोखलेला असावा. तळहात तोंडासमोर धरून "कच्चा पापड, पक्का पापड" म्हणून पाहावे. प च्या प्रत्येक उच्चाराला हवेचा झोत कुठे आदळतो ते हाताला कळते. माईक त्या झोताच्या वाटेत नको, वाटेच्या कडेला हवा. मराठीत प, फ, ब, भ यांची गर्दी असतेच; शिवाय "चमचा" या शब्दातला दंत्य च आणि स, श हे माईकवर शिट्टीसारखे टोचतात, आणि त्यांवरही तिरका कोन हाच पहिला उपाय. फोमची टोपी डायनॅमिकला पुरते. कंडेन्सरसाठी जाळीचा पॉप फिल्टर माईकपासून चार बोटांवर लावावा. डायनॅमिकपासून तोंड चार बोटे, कंडेन्सरपासून एक वीत, हे अंतर शेवटपर्यंत सांभाळावे. फार जवळ सरकल्यास आवाजात कृत्रिम भरदारपणा येतो, आणि एका परिच्छेदात तो असून पुढच्यात नसेल, तर ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या बाई वाचत असल्याचा भास होतो.

पंखा बंद. भिंतीवरचे घड्याळ दुसऱ्या खोलीत. काचेच्या बांगड्या काढायच्या नसतील, तर कोपराकडे सारून त्यांवर रुमाल बांधावा. मजकुराची पाने सुटी ठेवावीत आणि वाक्य संपवूनच पान हलवावे.

आता लेव्हल. गोष्टीतला राक्षस ज्या आवाजात ओरडतो, त्या आवाजात एकदा बोलून गेन असा ठेवावा की काटा उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान चढेल, शून्याला कधीही शिवणार नाही. 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ ही मापे निवडली की आवाज थोडा कमी पडला तरी नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. आपण पोचलात का, हे पाहण्यासाठी बोलत्या पुस्तकांच्या एसीएक्स या व्यासपीठाची मापे उपयोगी पडतील : सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल, शिखर उणे 3 च्या आत आणि गप्प असतानाचा आवाज उणे 60 च्या खाली. पहिल्या दोन गोष्टी नंतर संगणकावर जमवता येतात. तिसरी मुख्यतः खोलीत जमवावी लागते.

प्रश्न : नवा कंडेन्सर माईक घेतला. तोंड अगदी जवळ नेऊनही आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. माईक खराब निघाला का? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : बहुधा नाही. बहुतेक मोठ्या पडद्याचे कंडेन्सर बाजूने ऐकतात, टोकाने नव्हे. हातात धरायच्या माईकच्या सवयीने आपण आइस्क्रीमच्या कोनाकडे पाहावे तसे त्याच्या टोकाशी बोलत असाल, किंवा त्याची पाठ आपल्याकडे असेल. जाळीतून टॉर्च मारून पाहिल्यास नाण्यासारखी गोल चकती उभी दिसेल. तिच्या तोंडासमोर आपले तोंड हवे. पुढची बाजू सहसा कंपनीच्या चिन्हावरून ओळखता येते. हे लिहिताना मला मान वर करण्याचा अधिकार नाही, कारण माझ्या पहिल्या कंडेन्सरच्या पाठीशी मी आठवडाभर मनोभावे बोललो होतो आणि दुकानदाराशी भांडायला निघालेलो असताना एका मित्राने तो निमूटपणे फिरवून ठेवला.

प्रश्न : ध्वनिमुद्रणात सतत "घूंऽऽ" असा आवाज येतो. घर उद्यमनगरच्या जवळ आहे, म्हणून कारखान्यांमुळे होत असेल का? एका ओळखीच्याने प्लगची तिसरी पिन काढून टाका असे सुचवले आहे.

उत्तर : तिसरी पिन काढू नका. ती अर्थिंगची पिन असून जिवाच्या रक्षणासाठी आहे. चांगल्या आवाजासाठी विजेचा धक्का पत्करण्यात शहाणपण नाही.

कारखाना कानांना ऐकू येत नसेल आणि हेडफोनमध्ये घूं येत असेल, तर तो आवाज हवेतून नव्हे, विजेतून येत आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर 50 आणि तिच्या पटीत, म्हणजे 100, 150 अशी उमटते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर दोन मिनिटे ध्वनिमुद्रण करून पाहावे. आवाज थांबला, तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये फेरा पडला आहे. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डवर घ्यावेत आणि वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. आवाज थांबला नाही आणि माईक डायनॅमिक असेल, तर माईक हातात घेऊन हळूहळू फिरवावा. फिरवताना घरघर कमीजास्त झाली, तर आतले वेटोळे जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा इन्व्हर्टरचे चुंबकीय क्षेत्र पकडत आहे. दोन हात लांब सरकणे हाच इलाज.

केबलही पाहावी. तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमध्ये एकच संदेश दोन तारांतून परस्पर उलटा जातो आणि वाटेत शिरलेली घरघर दोन्हींत सारखी असल्यामुळे शेवटी वजा होते. एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी साधी पिन असलेली स्वस्त केबल वापरली, की ही वजाबाकीच होत नाही.

प्रश्न : आम्ही गगनबावड्याला असतो. जून लागला की कंडेन्सर माईकमध्ये मधूनच चरचर, फटफट असे आवाज येऊ लागतात. दिवाळीनंतर आपोआप थांबतात.

उत्तर : जिल्ह्यातला सर्वांत ओला पाऊस जिथे पडतो तिथून हे पत्र यावे, हे ओघानेच आले. कंडेन्सरच्या पडद्यावर किंवा त्याच्या आधाराच्या कडांवर दमट हवेचा थर बसला की तिथला विद्युतभार ठराविक जागी टिकत नाही, बारीक बारीक गळतो, आणि प्रत्येक गळती म्हणजे एक "फट". धूळ आणि तोंडातून उडालेले तुषार साचलेले असतील तर ओल आणखी धरते. पॉप फिल्टर यासाठीही लावायचा असतो.

घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, रंग बदलणारे दाणे मिळाल्यास उत्तम, आणि काम संपताच माईक त्यात बंद करावा. तांदळाच्या डब्यात माईक पुरून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तांदळाची पूड जाळीतून आत जाते, एवढेच त्याचे फलित. केस वाळवण्याचा गरम झोतही नको, कारण पडदा त्या उष्णतेसाठी नसतो. कामाच्या अर्धा तास आधी माईक जोडून फँटम पॉवर सुरू करून ठेवावी. आतील भाग किंचित कोमट होतात आणि बरेचदा चरचर मिटते. एवढे करूनही भागले नाही, तर पावसाळ्यापुरता डायनॅमिक वापरावा. त्याला दमटपणाची फिकीर नसते. जंगलात आणि चित्रीकरणाच्या जागी जे काम करतात, ते याच कारणासाठी झेनहायझरच्या एमकेएच मालिकेसारखे वेगळ्या, रेडिओ लहरींच्या तत्त्वावर चालणारे कंडेन्सर घेतात. घरच्या कामाला तो खर्च मी सुचवणार नाही.

प्रश्न : कागलचा विद्यार्थी आहे. कोल्हापुरातील तालमींत जाऊन जुन्या पैलवानांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो. मोबाईल समोर ठेवतो, पण आवाज फार घुमतो. चांगला यूएसबी माईक घ्यावा का?

उत्तर : काम मोलाचे आहे, म्हणूनच यूएसबी माईक नको. तो घरी एकट्याने, संगणकासमोर बसून बोलण्यास सोयीचा. तालमीत त्याला टेबल कुठले? आणि टेबल मिळाले तरी पैलवान दोन हात लांब बसतील, दगडी भिंती आणि वरचे पत्रे आवाज परत फेकतील, आणि आताचीच तक्रार महागड्या माईकवर ऐकू येईल. इथेही अंतर हाच रोग आहे.

छातीवर लावायचा लहान माईक घ्यावा, ज्याला लॅव्हेलियर किंवा बोलीत कॉलर माईक म्हणतात. हनुवटीखाली एक वीत, बटणपट्टीवर, मधोमध. सर्व बाजूंनी ऐकणारा घेतला तर उत्तम, कारण आठवणी सांगणारा माणूस आखाड्याकडे मान वळवून बोलतो आणि एकाच दिशेने ऐकणाऱ्या माईकवरून त्याचा आवाज तेव्हा निसटतो. अडचण कापडाची येते. अशा भेटीसाठी ही मंडळी मुद्दाम खळ घातलेला, कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून येतात आणि श्वासागणिक तो कागदासारखा वाजतो. माईक कापडाच्या आत लपवू नये, बाहेरच ठेवावा. चिमट्याच्या खाली तारेचा एक लहान फेरा करून तो औषधी दुकानात मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीने शर्टाच्या आतील बाजूस चिकटवावा, म्हणजे तारेला बसलेला हिसका माईकपर्यंत जात नाही. शाल पांघरायची असेल, तर ती माईकवर येणार नाही अशी आधीच नीट करून द्यावी, आणि हे काम त्यांची परवानगी घेऊन करावे.

बिनतारी संच घेतल्यास बरेचसे 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि या लहरी माणसाच्या शरीरात शोषल्या जातात. ट्रान्समीटर कमरेला पाठीमागे खोचला आणि रिसीव्हर समोर ठेवला, तर मध्ये पैलवानाचा अख्खा देह येतो. आवाज तुटण्याचे कारण मग वेगळे शोधावे लागत नाही. दोघांना एकाच वेळी बोलते करायचे असेल तर दोन माईक आणि दोन स्वतंत्र ट्रॅक घ्यावेत, एकाच ट्रॅकवर मिसळू नयेत. बैठक संपल्यावर, माईक न काढता, सर्वांना अर्धा मिनिट गप्प बसायला सांगून त्या जागेची नुसती शांतता घ्यावी. संकलन करताना तुकडे जोडायला ती लागते.

लेव्हलचा एक धोका तालमीतच येतो. आठवण रंगात आली की सांगणारा हमखास मांडीवर शड्डू ठोकतो, आणि तो आवाज बोलण्याच्या कितीतरी वर जाऊन मुद्रण फाडतो. संचात कमी पातळीचा दुसरा सुरक्षित ट्रॅक घेण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. नसल्यास मुलाखतीच्या आधीच त्यांना एकदा मनापासून शड्डू ठोकायला सांगावे आणि गेन त्यावर बसवावा. ते नाही म्हणणार नाहीत.